चढण आली, दम घे

'रिलॅक्स' या शब्दाचा मला मनस्वी राग आहे. वीसेक वर्षं मी रेसिडेंट डॉक्टरांना बायकांची छोटी कामं शिकवते आहे, ओपीडीतल्या ओपीडीत, भूल न देता करायची. तांबी बसवणं, अडकलेली तांबी काढणं, दुर्बिणीतून गर्भपिशवीचं तोंड बघणं, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला घेणं. या वीस वर्षांत टेबलावर पाय वर करून पडलेल्या बाईला 'रिलॅक्स, रिलॅक्स' म्हणणारा प्रत्येक डॉक्टर माझी बोलणी खाऊन गेला आहे. अरे बाबा, 'रिलॅक्स' म्हटल्याने आजवर कोणी सैल झालंय का? उलट जी बिचारी सैल पडलेली असते तीसुद्धा या शब्दाने दचकते आणि मांड्या आवळून घेते.

आमचा दवाखाना तलासरीच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत. मी राहते डहाणूत. दर गुरुवारी सकाळी चारोटीला यायचं, नाक्यावर उभ्या उभ्या चहा घ्यायचा आणि हायवेला लागायचं, हा माझा शिरस्ता. शहरातल्या मेडिकल कॉलेजातून दोन-दोन महिन्यांसाठी एकेक रेसिडेंट आमच्याकडे येतो. त्याने पुस्तक वाचलेलं असतं, मोठी ऑपरेशनं बघितलेली असतात, आणि भूल दिलेल्या बाईखेरीज दुसरी बाई सहसा पाहिलेली नसते. मी पहिल्या आठवड्यात त्याला कच्च्या पपईवर सराव करायला लावते. नळी कशी धरायची, कुठे थांबायचं, हाताला काय लागतं, ते पपईवर छान कळतं. पण पपई कण्हत नाही, हीच तिची खोट.

कण्हणाऱ्या बाईचं काय करायचं, ते शिकवायला आमच्याकडे मावशी होत्या.

मावशी म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या आया. कागदावर त्यांचं काम झाडणं-पुसणं, चादरी बदलणं आणि सामान उकळून ठेवणं. मी इथे आले त्याच्याही आधीपासून त्या होत्या. बुटक्या, काटक, आकाशी रंगाची साडी नेसलेल्या, केसांचा अंबाडा सुपारीएवढा. मी पहिल्या दिवशी त्या लहानशा खोलीत शिरले तेव्हा त्या टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला बाईचा हात धरून उभ्या होत्या. मी पायांकडे माझं काम सुरू केलं, आणि वर त्यांनी त्यांचं.

त्या प्रत्येकीला एकच विचारत, "घर कुठं गं बाय?"

आणि मग बोलत बोलत तिला घरी घेऊन जात. अगदी खरं सांगते. टेबलावर डोळे मिटायचे, रिक्षा जिथे सोडते तिथे मनातल्या मनात उतरायचं आणि चालायला लागायचं.

"उतरलो. आता कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"डाव्या हाताला काय हाय?"

"बोअरिंग."

"बोअरिंगवर कोण हाय?"

"माझी जाव."

"असू दे. तिच्याशी नको थांबू, बोलत बसशील."

आणि जिच्या पिशवीच्या तोंडाला मी नेमका त्याच क्षणी चिमटा लावत असे ती बाई चक्क हसायची. पहिल्यांदा मी मान वर करून बघितलं होतं, हे चाललंय तरी काय म्हणून. मावशींनी मला डोळ्यांनीच दटावलं, तुम्ही खाली बघा.

हळूहळू मला त्यातली रीत कळली. वाटेत चढण असो वा नसो, मावशी एक चढण घालायच्याच. नळी आत जाण्याआधी मी मान हलवून खूण करायची, की त्या म्हणायच्या, "आता चढण आली. दम घे. पायाखाली बघ. हां... हां... चढलीस." दुखणार आहे हे त्यांनी कधी लपवलं नाही. 'काय नाय होत' असं त्या कुणाला म्हणाल्या नाहीत, आणि 'झालं, झालं' असं खोटंही नाही. फक्त किती चढायचंय ते सांगायच्या. काम संपलं की मी दुसऱ्यांदा मान हलवायची. मग त्या बाईला दारात न्यायच्या, दार उघडून द्यायच्या आणि हातावर थोपटून म्हणायच्या, "पोचलीस बाय." तोवर माझं सगळं सामान बाहेर आलेलं असलं पाहिजे. दारात पोचलेल्या बाईला परत रस्त्यावर काढायचं नाही, हा मावशींचा नियम होता. आमच्या खोलीतलं घड्याळ कित्येक महिने बंद होतं आणि कुणाचं काही अडलं नाही. तांबीला पाड्याच्या तोंडापासून दारापर्यंतचा रस्ता पुरायचा. तुकडा घ्यायचा असला तर ओहोळ ओलांडावा लागायचा.

मला त्या दुपारी फार आवडायच्या. पंखा सावकाश फिरतोय, हिरवा पडदा थोडा आत येतोय, थोडा बाहेर जातोय, खिडकीबाहेर शेवगा. माझे हात त्यांचं काम करताहेत आणि वरून तो आवाज येतोय, ना मोठा ना बारीक. एखादी घोलवडच्या चिकूच्या वाडीत कामाला असायची, तिचं बिऱ्हाड वाडीतच. मग आम्ही सगळे त्या वाडीत शिरायचो. खाली गार सावली, चिकूच्या पाट्या रचलेल्या, पॅकिंगच्या शेडमधून कागदाची सळसळ. एखादी चिखले गावची असायची, तिच्या घरी जायला समुद्राच्या काठाने ओल्या वाळूतून चालावं लागायचं आणि मावशी तिला चपला हातात घ्यायला सांगायच्या. डहाणूतल्या रेल्वे क्वार्टरमधल्या, मास्तरांच्या, साहेबांच्या बायकाही यायच्या. गावात कुणी ओळखेल म्हणून मुद्दाम एवढ्या लांब, तलासरीला. त्यांना मावशी 'अहो ताई' म्हणत जिना चढवायच्या. गुजराती बाई आली की मावशी गुजरातीत चालायच्या. मी बसल्या जागी किती पाड्यांवर जाऊन आले असेन, देव जाणे. कधी कधी हायवेवरून परत जाताना एखादा फाटा दिसायचा आणि वाटायचं, इथून आत गेलं की तीन ताड आणि मग कुणाचं तरी अंगण. मी तिथे कधीच गेलेले नसायचे. तरी ते अंगण सारवलेलं दिसायचं.

तर अशा दवाखान्यात ती मुलगी आली.

लातूरकडची होती. हुशार म्हणजे अतिहुशार, सुवर्णपदकवाली. हात असा की बघत राहावं. पपईवर जे शिकायला बाकीच्यांना आठवडा लागायचा ते तिने एका सकाळी उरकलं. पण तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि निघाला तर तोच, 'रिलॅक्स'. मी दोनदा सांगितलं, चारदा सांगितलं. ती 'येस मॅडम' म्हणायची आणि पुन्हा तेच. वर मावशींच्या रस्त्याकडे तिचं लक्षच नसायचं. तिला तो आयाबायांचा गप्पांचा कार्यक्रम वाटायचा.

तिसऱ्या आठवड्यात घडायचं ते घडलं. आतल्या एका पाड्यावरची बाई होती, अस्तराचा तुकडा घ्यायचा होता. मुलीने चिमटा लावला, चढणीवर नळी आत घातली, मागे ओढली आणि नळीत काय आलं ते न बघताच झटकन मान हलवली. मावशींनी खूण बघितली आणि बाईला दार उघडून दिलं. "पोचलीस बाय."

नळी रिकामी होती. मुलगी पुन्हा वाकली. आणि घरी पोचलेली ती बाई, उठून बसली हो! चिमटा तसाच लागलेला. तिने जी किंकाळी फोडली ती बाहेरच्या बाकांवरच्या सगळ्या बायकांनी ऐकली. मी धावले, चिमटा सोडवला, थोडं रक्त आलं ते थांबलं. पण ती बाई परत झोपायला तयार नाही. ती मुलीकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. मावशींकडे बघून म्हणाली, "तू बोललीस पोचले." आणि लुगडं सावरून निघून गेली. मावशींनी निरोपावर निरोप धाडले तेव्हा कुठे तीन आठवड्यांनी परत आली.

माझं तोंड म्हणजे तोफखाना. मी त्या मुलीला काय काय बोलले ते आता लिहवत नाही. शेवटी म्हणाले, "दोन आठवडे हत्याराला हात लावायचा नाही. डोक्याशी जाऊन उभी राहा आणि मावशींकडून शिक." सुवर्णपदक आयाच्या हाताखाली! मुलगी ओठ चावून उभी होती, डोळे भरलेले. मावशींनी तिला हाताला धरून आपल्या शेजारी ओढलं. मला म्हणाल्या, "बास करा मॅडम. चूक माझीबी हाय. मीच दार घाईत उघडलं."

पहिल्या दिवशी मुलीने बाईला विचारलं, "तुमचा पत्ता सांगा." बाईने गाव, तालुका, जिल्हा सांगितला. रेशन ऑफिसात बसल्यासारखी.

"पत्ता नको विचारू गं," मावशी म्हणाल्या, "रस्ता विचार."

पुढच्या गुरुवारी मी पायांकडे बसले होते आणि वरून आवाज आला तो मावशींचा नव्हता. लातूरकडचं मराठी, हेल निराळा, पण चाल तीच. "मग गं? ओहोळात पाणी हाय का आता?" मी मान वर केली नाही. माझा जीव भांड्यात पडला एवढंच. दोन आठवडे संपले तरी ती डोक्याशीच उभी राहायची, निम्मा वेळ तिथे आणि निम्मा वेळ पायांकडे. एका वहीत तिने रस्ते लिहून ठेवायला सुरुवात केली होती. नावं नाहीत, नुसते रस्ते. बोअरिंग, डावा हात, वडाचा पार, कुत्रं बांधलेलं. चहा पिताना वाचून दाखवायची आणि मावशी चुका काढायच्या.

तिनेच मला एके दिवशी सामानाच्या खोलीत गाठलं. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मावशींना डाग जातोय."

"कसला डाग?"

"अंगावरून. मधनंमधनं रक्त जातंय. चार महिने झाले म्हणाल्या. डोक्याशी उभ्या असताना हल्ली त्या स्टुलावर टेकतात, म्हणून मी खोदून विचारलं. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

मावशींची पाळी जाऊन दहा वर्षं तरी झाली असतील. पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी दवाखान्यात यायचं, हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला कोण सांगायचं? मावशीच! माझ्या डोक्यात अशी काही तिडीक गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि चार महिन्यांचं रक्त म्हणजे काय असू शकतं ते मला माहीत होतं. मावशींनाही माहीत होतं. तुकड्याच्या कितीतरी बाटल्या त्यांनी स्वतः चिठ्ठी लावून पाठवल्या होत्या.

मी तरातरा बाहेर गेले. मावशी मागच्या ओट्यावर चादरी पिळत होत्या. मी जे तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी चादर झटकली, दोरीवर टाकली, चारी कोपरे सारखे केले.

"मावशी, घाबरता का तुम्ही? तुम्ही?"

"दुखायला नाय घाबरत."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी टेबलावर गेले तर डोक्याशी कोण उभं राहील, मॅडम? सगळ्या बायांना मी घरी पोचवते. मला कोण पोचवंल?"

मग मी डॉक्टर लोक करतात तेच केलं, कामाचं बोलले. सोनोग्राफी आजच करू. तुकडा मी स्वतः घेते, माझा हात तुम्हाला माहीत आहे, क्षणात होईल. दुसरीकडे कुठे जायची गरज नाही.

"तुम्ही नको," मावशी म्हणाल्या. "पोरगी करंल. तुम्ही डोक्याशी या."

"अहो, तिचा हात..."

"तिचा हात आता चांगला झालाय. तुमच्याच ध्यानात नाय आलं." आणि मग जरा हसून, "ती खाली गेली का वरती तुम्हीच उरता."

सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं. दुसऱ्या दिवशी ओपीडी नव्हती, दवाखाना रिकामा. मावशींनी टेबलावर चादर स्वतः अंथरली, दिवा स्वतः लावला, आणि वर चढून पडल्या. एवढीशी बाई, टेबल अर्धं रिकामंच राहिलं. मुलगी पायांकडे बसली. मी डोक्याशी आले. वीस वर्षांत त्या जागेवरून मी ती खोली कधी बघितली नव्हती. तिथून छत दिसतं, पंख्याच्या पात्यावरची धूळ दिसते, आणि खाली काय चाललंय ते काहीच दिसत नाही. मी मावशींचा हात हातात घेतला. खरखरीत, फिनेलचा वास असलेला.

"घर कुठं मावशी?" मी विचारलं.

आणि माझ्याच लक्षात आलं की मला ते खरोखर माहीत नाही. वीस वर्षं! संक्रांतीला त्या माझ्यासाठी वालाच्या शेंगा घेऊन यायच्या. त्या कुठून तोडून आणतात हे मी कधी विचारलं नव्हतं. लाजेने कान तापले माझे.

"रिक्षातून उतरलो," मावशी डोळे मिटून म्हणाल्या. मला सुरुवात करून देत होत्या.

"उतरलो," मी म्हणाले. "आता... डाव्या हाताला?"

"उजव्या."

"उजव्या हाताला. तिथे देऊळ असेल."

"नाय. पाण्याची टाकी."

"टाकी. मग सरळ."

"सरळ गेलात तर शाळेत जाल. टाकीच्या मागून पायवाट हाय."

मी चाचपडत होते. एरवी वर्गात तासभर न थांबता बोलणारी मी, दोन वाक्यांना महाग झाले. मुलीने खाली काम सुरू केलं होतं. मावशींच्या बोटांची पकड बदलली त्यावरून मला ते कळलं. मी टाकीच्या मागून गेले. ओहोळ आला. ओहोळावर ताडाचं खोड टाकलेलं होतं, त्यावरून एकेकाने जायचं. मावशी सांगत होत्या, मी त्यांच्या मागून बोलत होते. कोण कुणाला नेत होतं कोण जाणे. हळूहळू मला ती खोली दिसेनाशी झाली. खोडाखालून पाणी जाताना ऐकू यायला लागलं. पलीकडे भातखाचरं होती, कापणी झालेली, आणि बांधावरून चालणारी आकाशी साडी.

मुलीने मान हलवली.

मी नुसती बघत राहिले. खूण मला कळली, पण तोंडातून शब्दच फुटेना. नळी आत जायची वेळ झाली होती, मुलगी हात रोखून माझ्याकडे बघत होती, आणि मी, तिची शिक्षिका, दातखीळ बसल्यासारखी उभी.

तेव्हा मावशींनी माझा हात दाबला. डोळे मिटलेलेच होते.

"चढण आली, मॅडम," त्या मला म्हणाल्या. "दम घ्या. पायाखाली बघा."

आणि आम्ही दोघींनी दम घेतला. हां... हां... मुलीने घाई केली नाही. चढणीवर मावशींच्या कपाळावर घाम आला, एकदाच ओठ आवळले गेले. चढल्यावर चिंच होती, मोठी, एकटी. चिंचेनंतर अंगण. मुलीने नळी उजेडात धरून नीट बघितली, दोनदा बघितली, आणि मगच दुसऱ्यांदा मान हलवली.

"आता दार," मी म्हणाले.

पण दाराचं मला काहीच ठाऊक नव्हतं. लाकडाचं की पत्र्याचं, आत उघडतं की बाहेर, काही नाही. मी अंगणात उभी राहिले. तोवर मुलीने सामान काढून घेतलं होतं. मावशींनी डोळे उघडले.

"दार राहिलं," त्या म्हणाल्या. रागाने नाही. नुसतं सांगितलं. मग उठून बसल्या आणि सवयीने चादर काढायला लागल्या. मी त्यांच्या हातातून ती हिसकावून घेतली आणि तोंड वळवून ढसाढसा रडले.

रिपोर्ट आला तो कॅन्सरचा. पण अगदी सुरुवातीचा, हलका प्रकार. सोनोग्राफीतही पिशवीबाहेर काही दिसलं नव्हतं. पिशवी काढली की निभावण्यासारखं होतं. एवढं वाचून मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. फोनवर सांगायचं नाही, असं ठरवलं. मावशींची त्या दिवशी सुट्टी होती; दवाखान्यात त्यांच्या पाड्याचं नाव विचारून घेतलं, रिक्षाने गेले आणि टाकीपाशी उतरले.

दुपार होती. टाकीच्या मागून खरोखर पायवाट होती. एक म्हातारा टाकीच्या सावलीत झोपलेला होता. ओहोळावर खोड होतं, मधोमध पाय पडून पडून गुळगुळीत झालेलं. मी चपला हातात घेतल्या आणि एकटीने ओलांडलं, पलीकडे जाऊन उगाचच मागे बघितलं. खाचरांत वाल लावलेला होता, पांढरी-जांभळी फुलं. म्हणजे शेंगा इथल्या. चढण मी कल्पना केली होती त्याहून चांगलीच उभी निघाली, दोनदा थांबावं लागलं. या चढणीवरून ही बाई रोज उतरून दवाखान्यात येते आणि संध्याकाळी पाय ओढत परत चढते, हे वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पायांना कळलं. चिंचेखाली गार होतं. तिथे जरा उभी राहिले. कुठूनतरी कोंबडी ओरडत होती. मला वाटत होतं, मी हे सगळं आधी बघितलेलं आहे आणि आता कुणीतरी मला आठवण करून देतंय.

दार लाकडाचं होतं, वर निळा रंग. मी कडी वाजवली.

"ढकला," आतून मावशींचा आवाज आला. "बिजागरी वरून सैल हाय. जरा उचलून ढकला."

मी उचलून ढकललं. दार उघडलं. घरातली माणसं कामाला गेली होती. मावशी भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत, हसल्याही नाहीत. माझ्या पायांकडे बघितलं, धुळीने भरलेले.

"पोचलात?" त्यांनी विचारलं.

"पोचले."

"बसा. पाणी प्या. मग सांगा."

मी पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. 'काय नाय होत' म्हणाले नाही. किती चढायचंय ते सांगितलं. त्यांनी सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले.

"ऑपरेशनला डोक्याशी कोण?"

"भूल देणारे डॉक्टर असतात तिथे."

"ते नाय विचारलं."

"मी," मी म्हणाले.

ऑपरेशन शहरातल्या मोठ्या इस्पितळात झालं. करणारे सर्जन माझ्या ओळखीचे. भूल चढेपर्यंत डोक्याशी उभी राहू द्या, एवढंच मी त्यांच्याकडे मागितलं. ते म्हणाले, "अहो, दोन मिनिटांचा तर प्रश्न." मी म्हटलं, "तेवढी पुरतील." मुलगी रजा टाकून आली होती, बाहेर बाकावर वही घेऊन बसली. आत थंडी होती आणि सगळे हिरव्या कपड्यांत. मावशींना मी टोपीत ओळखलंच नाही क्षणभर. मी हात हातात घेतला.

"उतरलो," मी म्हणाले. "उजव्या हाताला टाकी. सावलीत म्हातारा झोपलाय, उठवू नका त्याला. टाकीच्या मागून. ओहोळ आला. चपला हातात घ्या. मी पुढे होते, तुम्ही माझ्या मागून या. खोड मधे गुळगुळीत झालंय, जपून. वालाला फुलं आलीत बघा." त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "आता चढण आली मावशी. दम घ्या. पायाखाली बघा. हां... हां... चढलात."

चिंचेपाशी त्यांचा हात सैल पडला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला मानेने खूण केली, की झालं, तुम्ही जा आता. मी गेले नाही. तशीच बोलत अंगणातून पुढे गेले, दार जरा उचलून ढकललं, त्यांना आत नेलं आणि म्हणाले, "पोचलात." मगच हात सोडला. लोक बघत होते, बघोत.

सर्जनांनी दुपारी सांगितलं, सगळं स्वच्छ निघालं, पिशवीबाहेर काही नव्हतं. मुलीने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि आम्ही दोघी भर व्हरांड्यात रडलो.

संध्याकाळी मावशी शुद्धीवर आल्या. ओठ कोरडे, आवाज नाहीच. मी वाकले. काहीतरी विचारत होत्या. मला वाटलं पाणी हवंय, नाहीतर दुखतंय. कान अगदी तोंडाशी नेला.

"चिंचेपर्यंत आठवतं," त्या म्हणाल्या. "दार कुणी उघडलं?"

"मी उघडलं," मी म्हणाले. "जरा उचलून ढकललं."